विनाकारण सायकल चालवण्याचे प्राथमिक धडे

सर्वप्रथम सायकल कुठे आहे ते शोधा. अधारतालच्या बहुतेक मराठी घरांत ती जिन्याखाली असते, कूलरच्या उतरवून ठेवलेल्या जाळ्यांमागे, आणि तिच्या हँडलला कांद्यांची पिशवी अडकवलेली असते. पिशवी परस्पर हलवू नका. हलवलीत की स्वयंपाकघरातून ‘अहो, सायकल कशाला काढताय?’ असा प्रश्न येईल. याचं उत्तर ज्याच्यापाशी तयार नाही, त्याने पुढचे धडे वाचण्यात वेळ घालवू नये. ‘असंच, जरा फिरून येतो’ हे उत्तर स्कूटरवाल्याच्या तोंडी चालतं, पायी फिरणाऱ्याच्या तर शोभतंही. सायकलवाल्याला ते माफ नाही. माणूस सायकलवर बसला म्हणजे एकतर त्याची गाडी बंद पडली आहे किंवा साखर वाढली आहे, असं आपल्याकडे गृहीत धरतात.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडा भूगोल. अधारताल म्हणजे जबलपूरचं ईशान्येकडचं टोक, कटनी रस्त्यावरचं. राणी दुर्गावतीने राणीताल बांधला, तिच्या दासीने चेरीताल आणि दिवाण अधारसिंहाने अधारताल, असं गावात सांगतात. शहराला एकूण बावन्न ताल होते असंही सांगतात. त्यातले कित्येक आता कॉलन्यांच्या नावांपुरतेच उरले आहेत. मराठी माणसं इथे कोणी भोसल्यांच्या अमलात आली, कोणी रेल्वेत आणि तोफगाडीच्या कारखान्यात चिकटली, कोणी १९५६ मध्ये हायकोर्टाबरोबर नागपूरहून उठून आली. यांपैकी प्रत्येकाच्या घरी एकेकाळी सायकल होती आणि प्रत्येकाला ती घेऊन कुठेतरी वेळेवर पोचायचं होतं. आता तीच सायकल तुम्ही कुठेही न पोचण्यासाठी काढणार आहात. पूर्वज वरून बघत असतील, तेव्हा निदान शर्ट आत खोचा.

सायकल कोणती, यावर नवशिके फार वेळ घालवतात. दुकानातला पोरगा एकवीस गिअरची दाखवेल. आपल्या भागाला तीन पुरतात, उरलेले अठरा नातेवाइकांना सांगायला होतात. जुनी काळी, दांडीची, वीस-बावीस किलोची सायकल असेल तर विकू नका. दूधवाले अजून तीच वापरतात, आणि दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लटकवून ते तुम्हाला मागे टाकतील त्या दिवशी या यंत्राविषयीचा आदर आपोआप वाढेल. अ‍ॅटलासवाल्यांनी साहिबाबादचा कारखाना बंद केला तो ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. त्यामुळे ज्यांच्याकडे जुनी अ‍ॅटलास आहे त्यांनी थोडं इतिहासकारासारखं वागायला हरकत नाही. मात्र सीटचा स्क्रू आवळून घ्या. इतिहास खाली बसतो.

आता खरा धडा. शांत रस्ता शोधायला निघालेला नवशिका नकाशा उघडतो. त्याने घड्याळ आणि कॅलेंडर उघडावं. आमच्या बाजूला रिछाईचे कारखाने, पलीकडे व्हेइकल फॅक्टरी, त्याही पलीकडे खमरियाची आयुध निर्माणी. भोंगा झाला की या रस्त्यांवरून पूर्वी सायकलींचा पूर यायचा. तो पाहिलेली म्हातारी माणसं अजून त्याविषयी असं बोलतात, की ऐकणाऱ्याने पाय आखडून घ्यावेत. आता त्या पुरात मोटरसायकली आहेत. ड्युटी सुरू होण्याची आणि सुटण्याची वेळ टाळली तर तोच रस्ता इतका मोकळा असतो, की मधोमध बसलेली गाय तुम्ही घंटी वाजवल्यावर नुसते कान हलवते. तेव्हा शांत रस्ता विचारू नका, शांत वेळ विचारा. हे कुणीही सांगेल. ज्याला ड्युटी चुकवायची असते त्याला तर पाठच असतं.

कॅलेंडरचंही तसंच. एप्रिलमध्ये गव्हाच्या ट्रॉल्या मंडीकडे निघतात, आणि ट्रॅक्टरवाल्याचा डीजे त्या गव्हापेक्षा वजनदार असतो. मे महिन्यात उन्हाने तुम्हीच आडवे व्हाल, रहदारीची गरज नाही. डिसेंबर-जानेवारीत धुकं इतकं दाट पडतं, की समोरचा बैल तुम्हाला आधी वासाने कळतो. पावसाळ्यावर वेगळा परिच्छेद खर्च करावा लागेल, तो पुढे आहे. उरले दिवाळीनंतरचे काही आठवडे आणि फेब्रुवारी-मार्च. त्यातही मार्चमध्ये पहाटे निघालात तर मोहाच्या झाडाखाली बायका आणि पोरं वाकून फुलं वेचताना दिसतील. पिवळसर, मांसल, ओलसर फुलं, आणि त्यांचा गोड आंबूस वास रस्त्याच्या कडेपर्यंत येतो. तिथे थांबायला हरकत नाही, पण फुलांवर चाक घालू नका. ते कुणाचं तरी त्या दिवसाचं उत्पन्न आहे.

घरून निघाल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच अभ्यासक्रमातला सर्वांत अवघड भाग येतो. कटनी रस्ता ओलांडायचा. हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७, वाराणसीहून निघून जबलपूर, नागपूर करत कन्याकुमारीपर्यंत जाणारा. देशातला सर्वांत लांब महामार्ग म्हणून त्याची ख्याती होती, आणि अधारतालला तो आडवा पार करताना त्याची रुंदीही लांबीइतकीच वाटते. पद्धत अशी: सायकलवरून उतरा. शाळेत जाणाऱ्या एखाद्या काकूंचा शोध घ्या. काकू नातवाचं दप्तर एका हाताने धरून दुसरा हात ट्रककडे न बघता वर करतात आणि चालायला लागतात. त्यांच्या डाव्या बाजूने, अर्धं पाऊल मागे राहून चालावं. काकूंना पुढचा प्रवास सांगू नये.

पलीकडे गेलात की जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय. १९६४ साली स्थापन झालेलं. नवशिक्याने पहिले काही रविवार याच्या आतल्या रस्त्यांवर घालवावेत. सावली आहे, चढ नाही, आणि पहाटे फिरायला येणारे निवृत्त प्राध्यापक तुमच्या सीटची उंची तपासून देतात. दोन्ही बाजूंना वाफे, प्रत्येक वाफ्यावर पाटी. विदर्भ-मराठवाड्याचा पाहुणा सोबत असेल तर त्याला सोयाबीनच्या वाफ्यापाशी थांबवा. त्याच्याकडे वर्षानुवर्षं पेरलं गेलेलं जेएस ३३५ हे वाण याच विद्यापीठाचं, त्यातला ‘जे’ जवाहरचा. पाहुणा हरखतो, मग भावाविषयी बोलू लागतो आणि तो रविवार तिथेच संपतो.

थोडं पुढे महाराजपूर, आणि तिथे देशातली एक अजब संस्था: खरपतवार अनुसंधान निदेशालय, म्हणजे तणांचा अभ्यास करणारं केंद्र सरकारचं खातं. १९८९ पासून आहे. नवशिक्याला याचं महत्त्व लगेच कळत नाही. रस्त्याच्या कडेला हिरवंगार, पांढऱ्या बारीक फुलांचं जे काही डोलताना दिसतं आणि ज्याचा फोटो काढायचा मोह होतो, ते गाजरगवत असतं. शिंका येऊ लागल्या की समजावं. हे देशात पहिल्यांदा नजरेस आलं १९५५ च्या सुमारास, पुण्यात. तिथून ते कोणतीही सायकल न घेता देशभर फिरलं. त्याची पानं खाणारा मेक्सिकोचा भुंगेरा या संस्थेत वाढवतात आणि दर ऑगस्टात गाजरगवत जागरूकता सप्ताह साजरा करतात. पुण्याच्या पाहुण्याला हे सांगताना आवाज शक्य तितका साधा ठेवा.

इथून पुढे खेडी. रस्ता निवडायचा तो दगडाच्या डोक्यावरून. कडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, उलट फिरा. हिरवा असेल तर राज्य महामार्ग, इथे एसटी नसली तरी बसवाल्यांची घाई तीच. केशरी माथा म्हणजे गावरस्ता, तो धरा. २००० सालच्या डिसेंबरात प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली, तिच्यामुळे जिथे बैलगाडीची चाकोरी होती तिथे पावणेचार मीटर रुंदीची डांबरी पट्टी आली. विनाकारण सायकल चालवणाऱ्यांचा या योजनेच्या उद्दिष्टांत कुठेही उल्लेख नाही, पण खरे लाभार्थी आपणच. रस्ता सुरू होतो तिथे फलक असतो. लांबी, खर्च, ठेकेदाराचं नाव, काम पूर्ण झाल्याची तारीख, पाच वर्षांची देखभाल, सगळं त्यावर असतं. तारीख वाचा आणि त्यात पाच मिळवा. उत्तर मागच्या वर्षात आलं तर हँडल घट्ट धरा.

आता चढउतार. हे मैदान नाही आणि डोंगरही नाही. मोटारीतून जाताना इथला चढ दिसतच नाही. तो फक्त सायकलला दिसतो, आणि तोही मांडीत. वर पोचल्यावर पुढे तेवढाच उतार मिळेल अशी अपेक्षा असते. मिळतो, पण समोरून वारा येतो आणि उतारावरही पायडल मारावं लागतं. वरून मात्र आजूबाजूचं शेत एकदम उलगडतं, आणि या मुलखाची घडण कळते. हा जुन्या ‘हवेली’चा प्रदेश. काळी भारी जमीन, शेताभोवती उंच बांध, आणि पावसाळाभर त्यात पाणी कोंडून ठेवायचं. तण कुजून जातं, ओल खोलवर मुरते. आश्विनात पाणी सोडून द्यायचं आणि त्या ओलीवर गहू पेरायचा, पुढे पाणी देण्याची गरजच नाही. शेजाऱ्याच्या आधी पाणी सोडलं तर त्याचं शेत बुडतं, म्हणून कोण कधी सोडणार हे सगळ्यांनी मिळून ठरवावं लागे. नलिका विहिरी आल्या, धान आणि सोयाबीन आलं, आणि हवेली पद्धत मागे पडली. बांध मात्र कित्येक ठिकाणी आहेत. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते ओळीने उठून दिसतात. मला या परिसरात सर्वांत देखणं काय वाटतं असं कुणी विचारलं तर मी भेडाघाटच्या संगमरवराच्या आधी हे बांध सांगेन. कुणी विचारत नाही.

हीच काळी माती पावसाळ्यात तुमचा समाचार घेते. डांबर सोडून शॉर्टकटने जाण्याचा सल्ला गावातला कुणीतरी देईलच. पहिले वीस हात सायकल जाते. मग टायरला एक थर बसतो, त्यावर दुसरा, मग मडगार्ड आणि टायर यांच्यामधली फट भरते, चाक फिरायचं बंद होतं आणि तुम्ही नांगर ओढल्याप्रमाणे सायकल ओढू लागता. बाभळीची काटकी शोधून माती खरवडावी, काटा हाताला लावून घेऊ नये, आणि ज्याने रस्ता सांगितला त्याच्या आईवडिलांचा उल्लेख मनातल्या मनात करावा. दूधवाले पावसाळ्याआधी पुढचं मडगार्ड काढूनच ठेवतात.

परियट नदीच्या पुलावर थांबण्याची पद्धत आहे. थांबा, पाणी प्या. उतरू नका. परियटमध्ये मगरी आहेत, काठाच्या गावांत त्या नव्या कुणाला नाहीत. शिवाय काठाने म्हशींच्या डेअऱ्या आहेत आणि त्यांचं शेण कुठे जातं हे पुलावर नाकाला कळतं. निसर्गरम्य स्थळी पाय पाण्यात सोडून बसायची फार हौस असेल त्यांनी ग्वारीघाट गाठावा.

इथवर तुम्ही रस्ता, ऋतू आणि मगरी सांभाळल्या. आता माणसं. शांतता हवी म्हणून तुम्ही बाहेर पडलात, पण रिकाम्या रस्त्यावर एकट्या सायकलवाल्याइतकं लक्ष वेधून घेणारं दुसरं काही नसतं. पारावर बसलेला पहिलाच माणूस कुठे निघालात ते विचारणार, “काय बड्डे, किते जा रए?” नवशिका प्रामाणिकपणे म्हणतो, “ऐसई.” पार शांत होतो. विडी विझते. “ऐसई? सायकल से? गाड़ी बिगड़ गई का?” यानंतर चहा येतो, चौकशी तुमच्या पगारापर्यंत पोचते, आणि कुणीतरी तुम्हाला घरी सोडण्यासाठी ट्रॅक्टर काढायला उठतो.

म्हणून सामानात पंप, पान्हा, पंक्चरची पट्टी यांच्याही आधी एक कारण ठेवा. कोणतं चालतं आणि कोणतं नाही, हे नीट पाहून घ्या. ‘पनागरला काम आहे’ हे अगदीच कच्चं, कारण पुढचा प्रश्न ‘किनके इते?’, म्हणजे कुणाकडे, असा येतो आणि विचारणारा पनागरच्या प्रत्येकाला ओळखतो. ‘डॉक्टरांनी सांगितलं आहे’ हे भक्कम, पण मग जांभळाच्या बियांची पूड, मेथीचं पाणी, कडुनिंबाची कोवळी पानं, आणि एका मावसभावाचा पाय कापावा लागला ती हकिगत, एवढं ऐकून घ्यावं लागतं. ‘जमीन बघतोय’ हे चुकूनही म्हणू नका. शहराभोवती रिंगरोड होतो आहे. दहा मिनिटांत मोटरसायकलवरून दोघे येतात, एकाच्या हातात गुंडाळलेला नकाशा असतो, आणि ते तुमच्या सायकलकडे पाहून आपसांत म्हणतात की मोठी पार्टी अशीच येते.

दिसतं असं, की कारण मोठं असलं की कुणी विचारत नाही. नर्मदा १३१२ किलोमीटर लांब, दोन्ही काठ धरले तर त्याच्या दुप्पट. महाराष्ट्रातून दर वर्षी माणसं येऊन ती सगळी पायी चालतात, अलीकडे काही ही परिक्रमा सायकलवरूनही करतात. जुन्या नियमाने तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. त्यांना ‘कशाला?’ असं एकही माणूस विचारत नाही. ‘नर्मदे हर’ म्हटलं की शिधा मिळतो, निजायला ओसरी मिळते. तुम्ही अधारतालहून पनागरपर्यंत जाऊन परत येणार, दोन्ही मिळून तीसेक किलोमीटर, आणि प्रत्येक पारावर उलटतपासणी. पंचा, कमंडलू घेऊन सायकलवर बसण्याचा विचार मनात येईल. तो सोडा, नदी उजव्या हाताला ठेवावी लागते आणि पनागरच्या रस्त्यावर ती कुठेच नाही.

या सगळ्यात ज्यांना कुणीही काही विचारत नाही अशा सायकलस्वार मुली तुम्हाला सकाळी साडेनऊ-दहाला भेटतील. सहावीत आणि नववीत गेल्यावर, शाळा दुसऱ्या गावात असेल तर, मध्य प्रदेश सरकार सायकल देतं. दोन वेण्या, रिबिनी, मागे दप्तर, कधी कॅरिअरवर धाकटी बहीण, आणि तिघी-चौघी एका ओळीत अख्खा रस्ता व्यापून गप्पा मारत जातात. चढावर त्या गप्पा थांबत नाहीत. तुम्ही हेल्मेट, हातमोजे, चष्मा अशा थाटात घाम पुसत असताना त्या बाजूने निघून जातात आणि पुढे गेल्यावर हसण्याचा आवाज येतो. त्यांच्याशी शर्यत लावू नये. लावलीच तर शाळेच्या फाटकापाशी आपण काय करणार आहोत याचा आधी विचार करावा.

कुत्र्यांविषयी एकच सूचना, पाय वर घेऊ नका, उतरा. सायकलवरून उतरलेल्या माणसात कुत्र्याला रस उरत नाही.

खाणं. घरून डबा नेऊ नका, तो पारावर उघडला की वाटावा लागतो. गावाच्या तिठ्यावर मंगोडे मिळतात, मुगाच्या डाळीचे, कागदावर तेल उमटवणारे, सोबत हिरवी चटणी. गोवरीवर भाजलेलं गक्कड आणि वांग्याचं भरीत कुणी देऊ केलं तर नाही म्हणू नका, मात्र त्यानंतर सायकल चालवण्याचा बेत रद्द समजा. पुढे कधी पाय तयार झाले की दमोह रस्त्याने कटंगीला जाता येईल. तिथले रसगुल्ले प्रसिद्ध आहेत आणि ‘कटंगी, रसगुल्ला’ हे दोन शब्द कोणत्याही पारावर कारण म्हणून एकमताने मंजूर होतात. पण तो रस्ता केशरी माथ्याचा नव्हे, आणि परतीला पाक सांडतो.

नवशिक्यासाठी सर्वांत सोपं कारण थंडीत मिळतं. जबलपूरचा मटार देशभर जातो. पनागर, पाटण, शहपुरा, मझौली, सगळीकडे शेतं भरलेली असतात आणि बांधावरच पोती भरली जातात. “किते जा रए?” “मटर लेबे.” संपलं. पार तुम्हाला वाट करून देतो. कोणाच्या शेतातला गोड आहे ते सांगतो, शेतकऱ्याला हाक मारतो. शेंग फोडून दाणा चाखायचा, चार पावलं फिरायचं, भाव विचारायचा, बाजारात किती आहे ते सांगायचं, आणि शेवटी शेतकरी म्हणेल तो द्यायचा. पाच किलोची पिशवी हँडलला लावू नका, वळताना चाकात जाते. कॅरिअरवर आडवी बांधा, ट्यूबच्या तुकड्याने. जुन्या ट्यूबचा हा सर्वोत्तम उपयोग आहे.

मात्र मटार घरी पोचला की परिणामांची तयारी ठेवा. बाजारभावापेक्षा स्वस्त पडला हे घरात कळतं, शेजारच्या काकूंना कळतं, आणि पुढच्या शनिवारी रात्री तुमच्या उशाशी यादी येते. मटार पाच किलो आमचा, तीन काकूंचा, जमलं तर मेथी, आणि परत येताना पिठाची गिरणी. अशा वेळी रविवारी कारखान्यांची ड्युटी नसते हे लक्षात ठेवा. जिन्याखालचा दिवा न लावता कांद्यांची पिशवी अलगद खुंटीवर टांगा आणि सगळे उठायच्या आत निघा. विचारलं तर पारावर सांगा, मटर लेबे. घरी परत आल्यावर सांगा, मटार संपला होता.